मागच्या अंगणातल्या प्रसाधनकक्षाचे जतन

१२ एप्रिल २०२६, रविवार
काल ज्येष्ठ नागरिक मंडळाची सहल. एसटीने अचलपूर. माझी सीट मागच्या चाकावर, तरी तक्रार नाही. जुने दरवाजे पाहिले, हौज कटोरा ही जुनी इमारत पाहिली. गाईड म्हणाला, जुनी वास्तू पाडायला अक्कल लागत नाही, जतन करायला लागते. बाकीचे तोवर उसाचा रस प्यायला गेले होते. म्हणजे हे वाक्य एकट्या मलाच सांगितलेलं.

घरी येऊन आपल्या घराकडे प्रथमच नीट पाहिलं. बाबांनी १९८८ साली बांधलेलं. पोर्च, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागच्या अंगणात न्हाणी आणि संडास. अख्ख्या अमरावतीत असा नमुना आता कुठे उरलाय? (आमच्याच ओळीत आणखी पाच-सहा आहेत, पण त्या लोकांनी टाइल्स लावून सत्यानाश केला.)

संकल्प: या घराचं शास्त्रोक्त जतन. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या सहीवाचून कोणाचं काही अडत नाही. आता अडेल.

१३ एप्रिल
गोदावरीला योजना सांगितली. ती म्हणाली, संडासात तेवढा कमोड बसवा, बाकी तुमचं काय ते चालू द्या. तिचे गुडघे गेले आहेत. उकिडवं बसायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितल्याला बराच काळ झाला. शिवाय अधिक महिना येतोय. जावईबापूंना धोंड्याचं जेवण. अकोल्याहून ईशानराव, लेक चारुता, व्याही आणि विहीणबाई असे सगळे येणार, आणि विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

प्रस्ताव विचाराधीन आहे, असं मी म्हणालो. ती चिडली. चिडली की ती माहेरचं वऱ्हाडी बोलते. म्हणाली, दिवाळीपासून विचारच करून राहिले तुमी.

१६ एप्रिल
समिती स्थापन. अध्यक्ष, सचिव, तज्ज्ञ सदस्य: मी. पहिली बैठक पोर्चमध्ये, कूलरसमोर. ठराव एकमताने मंजूर.

नामकरणही झालं. पोर्च = पूर्वद्वार. पुढची खोली = दिवाणखास. मागचा संडास = पश्चिम प्रसाधनकक्ष. छताला ओल आल्याचा जो डाग आहे त्यात निरखून पाहिलं तर घोडेस्वार दिसतो. त्याला भित्तिचित्र म्हणायला हरकत नाही. गोदावरीला दाखवला. तिला घोडा दिसला नाही. गळती दिसली.

२० एप्रिल
कमोडबाबत निर्णय: नामंजूर. कारणं थोडक्यात. एक, इंडियन सीट मूळ आहे, बाबांनी स्वतः निवडून आणलेली. दोन, मूळ वस्तू काढली की वास्तूचा आत्मा जातो. तीन, मला स्वतःला या वयातही काही त्रास होत नाही.

निर्णय स्वयंपाकघरात जाऊन कळवला. गोदावरी तांदूळ निवडत राहिली. विरोध मावळतोय असं दिसतं.

२४ एप्रिल
चारुताने कुरिअरने प्लास्टिकचा कमोड-स्टूल पाठवला. सीटवर ठेवायचा आणि वर बसायचं. तत्त्वतः विरोध होता, पण ठेवू दिला, कारण ही वस्तू हवी तेव्हा काढून घेता येते. जतनशास्त्रात असं चालतं.

आपल्या कक्षाच्या फरशीला उतार आहे. स्टूल डुगडुगला, एक पाय सरकला. गोदावरीने कडी धरली म्हणून वाचली. कोपर खरचटलं. तात्पर्य, वास्तूने परकी वस्तू स्वतःहून नाकारली. स्टूल माळ्यावर.

(कोपराला हळद मी लावून दिली. ती दुसरीकडे बघत होती.)

२९ एप्रिल
एक चांगली गोष्ट लक्षात आली. गोदावरी रोज उठल्या उठल्या शेजारी माणिकबाईंकडे जाते. फुलं आणायला, म्हणते. येताना हातात फुलं नसतात. पंजाबराव आणि माणिकबाई शेत नातलगांवर सोपवून गावाहून इथे राहायला आले. नवं घर, स्टीलचं रेलिंग, जिकडेतिकडे काचा. इतिहास शून्य. गोदावरी त्यांना आपल्या कामाबद्दल सांगत असणार. लोकजागृती अशीच होते, घरातल्या बायकांकडून.

४ मे
पारा पंचेचाळीसवर. मंडळात भाषण दिलं: 'वारसा आपल्या मागच्या अंगणात'. सभागृहात पूर्ण शांतता. नंतर कळलं की बरेच जण झोपले होते. एका सभासदाने विचारलं, म्हणजे संडास तसाच ठेवणार का? मी म्हणालो, प्रश्न फार ढोबळ आहे.

९ मे
धर्मपाल मिस्त्री येऊन पाहून गेला. म्हणाला, साहेब, भिंत पोकळ झाली हाय, सिमेंट मारून देतो, लगे हात कमोडबी बसवून घ्या, वयनीचे पाय दुखून राहिले. याला कोणी सांगितलं? मी सिमेंट नाकारलं. जुन्या वास्तूला जुनाच माल. व्हिडिओ पाहिला आहे: चुना, वाळू, गूळ, उडदाची डाळ आणि बेलफळाचा गर. धर्मपालने भिंतीवर बोटाने टकटक केलं. मग म्हणाला, दाळ शिजवून टाकाची का कच्ची?

१५ मे
कामाचा शुभारंभ. नारळ फोडला. गूळ घरातच मिळाला, डब्यात भरपूर होता. उडदाची डाळही. मिश्रण मस्त चिकट झालं. धर्मपालने दोन भिंतींना लिंपलं आणि हात धुवायला साबण मागितला.

संध्याकाळी गोदावरीने गुळाचा डबा उघडला. तो गूळ अनारशांसाठी आणून ठेवला होता म्हणे. तसं सांगून ठेवायचं ना. मी म्हणालो, अनारसे आठ दिवस टिकतात, भिंत शतकभर टिकेल. ती म्हणाली, जावयाले भित वाढा मंग.

१८ मे
कालपासून अधिक महिना सुरू. कक्षात मुंगळे आले आहेत. काळे, टपोरे, रांगेने. याचा अर्थ साहित्य अस्सल आहे. सिमेंटला मुंगळे लागत नाहीत.

१९ मे
मुंगळे वाढले. आत जाताना लेंगा वर खोचून, पाय आपटत जावं लागतं. माझं काम लवकर आटोपतं आहे. हा एक अनपेक्षित फायदा.

२१ मे
गोदावरीने आज पुन्हा विचारलं. ओरडली नाही, वऱ्हाडीतही बोलली नाही, साध्या आवाजात विचारलं, विहीणबाई आल्या तर कुठे जातील हो? मी म्हणालो, अकोल्याहून गाडीने जेमतेम दोन तास, चार तास इथे, आणि दोन तासांत परत. एवढा वेळ माणूस सहज काढतो. तिने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही. तिथून उठून पोर्चमध्ये आलो आणि कूलरमध्ये पाणी टाकलं. पाणी आधीच भरलेलं होतं, ते बाहेर सांडलं.

२६ मे
लोकार्पण सोहळा धोंड्याच्या दिवशीच उरकायचा. एका खर्चात दोन कार्यक्रम. फीत व्याह्यांच्या हस्ते. व्याही वकील आहेत, बोलतात चांगलं. पाटी तयार: 'पश्चिम प्रसाधनकक्ष. स्थापना १९८८. भिंतींना हात लावू नये.' पेपरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, सध्या उष्माघाताच्या बातम्या आहेत.

भाषण पाठ करतोय. गोदावरी स्वयंपाकघरातून ऐकत असावी.

३१ मे, रविवार
सगळं नीट लिहून काढतो. लिहिलं नाही तर उद्या मी याचं काहीतरी दुसरंच करेन, हे मला आता माहीत झालं आहे.

मंडळी वेळेवर आली. ईशानरावांना औक्षण केलं, चांदीच्या ताम्हणात वाण दिलं. अनारसे गोदावरीने नवा गूळ आणून केलेच होते, जाळीदार. पुरणपोळी, कढी, वडे. विहीणबाई फार थोडं जेवल्या. पाणी तर घेतच नव्हत्या. मी दोनदा आग्रह केला, एवढ्या उन्हात पाणी प्या, म्हणून. त्या नुसत्या हसल्या. चारुता माझ्याकडे डोळे मोठे करून पाहत होती. मला वाटलं, भाषण कधी, असं विचारते आहे.

जेवणानंतर सर्वांना मागच्या अंगणात नेलं. फीत बांधलेली. मी अचलपूरपासून सुरुवात केली. व्याही हातात कात्री घेऊन उन्हात उभे. मी चुना आणि उडीद इथवर आलो असताना विहीणबाई चारुताच्या कानात काहीतरी बोलल्या. चारुता आईशी बोलली. गोदावरीने फितीच्या पलीकडे, कक्षाकडे एकदा पाहिलं. दाराच्या फटीतून मुंगळे येत होते. मग तिने विहीणबाईंचा हात धरला, आणि दोघी गुडघेवाल्या बाया एकमेकींना सावरत मागच्या फाटकातून बाहेर पडल्या. सगळ्यांच्या देखत. माणिकबाईंचं मागचं दार उघडंच होतं. गोदावरीने बेल वाजवली नाही, हाकही मारली नाही. सरळ आत गेली. कुठे वळायचं ते तिला माहीत होतं.

मी भाषण थांबवलं नाही. हे आता लिहितानासुद्धा कान गरम होत आहेत. मी बेलफळाचे गुण सांगत राहिलो, कारण थांबलो असतो तर काय म्हणायचं ते सुचत नव्हतं. व्याह्यांनी फीत कापली. टाळ्या फक्त मी वाजवल्या.

दोघी परत आल्या. विहीणबाई सरळ मनाच्या आहेत, त्यांना वाटलं मला माहीत असेल. म्हणाल्या, शेजारीण किती चांगली हो तुमची, गोदाताईंसाठी रोज पहाटे मागचं दार उघडून ठेवते, बादलीसुद्धा भरून ठेवते. दिवाळीपासून.

व्याही कात्रीकडे पाहायला लागले. ईशानराव मोबाइलमध्ये. चारुता म्हणाली, बाबा.

फुलांसाठी जात नव्हती ती.

चहाच्या वेळी गोदावरीने पिशवी भरली. म्हणाली, चार-आठ दिवस चारुताकडे जाऊन येते. मी विचारलं, जेवणाचं काय? हेच विचारलं मी. ती म्हणाली, अनारसे हायत डब्यात.

१ जून
घरात कोणी नाही. नाश्ता: अनारसे. जेवण: अनारसे.

संध्याकाळी पोर्चमध्ये बसलो होतो. पंजाबराव रेलिंगपाशी उभे राहून म्हणाले, गरमी लय हाय भाऊजी. मी हो म्हणालो आणि आत आलो. दिवाळीपासून हा माणूस माझ्याशी हवापाण्यावर बोलतोय. एकदाही काही दाखवलं नाही. आणि मी त्यांच्या काचांना नावं ठेवत होतो. ओळीत आणखी कोणाकोणाला ठाऊक असेल? धर्मपालला ठाऊक होतं. दूधवाला आज नेहमीपेक्षा हळू बोलला. मंडळात तो प्रश्न विचारणारा सभासदही माणिकबाईंच्या पलीकडेच राहतो.

२ जून
स्वतःची बाजू मांडायचा प्रयत्न केला. एक, तिने मला स्पष्ट सांगायला हवं होतं. (सांगितलं होतं.) दोन, बाबांची आठवण. (बाबांना शेवटी त्याच सीटवरून मी आणि गोदावरी दोन बाजूंनी धरून उठवत होतो. रोज शिव्या घालायचे त्या सीटला.) तिसरा मुद्दा लिहिला नाही.

३ जून
धर्मपालला फोन केला. कमोड बसव म्हणालो. तो म्हणाला, आन जतन? मी म्हणालो, तू ये.

५ जून
चहा उकळेपर्यंत सीट निघाली. आत्मा वगैरे काही बाहेर पडलं नाही, खाली फक्त ओली माती होती. गुळाची भिंतही खरवडली. सिमेंट मारलं. उतार काढला. भिंतीला धरायला स्टीलचा दांडा लावला, तो मी स्वतः बाजारातून आणला. दुकानदाराने विचारलं, घरात कोणी आजारी आहे का? मी म्हणालो, नाही, मीच होतो.

हे वाक्य चांगलं जमलं असं वाटलं. घरी येईपर्यंत त्याचीही लाज वाटली.

७ जून, रविवार
गोदावरीला फोन लावला. कमोड बसला, ये, म्हणालो. माफी मागायची होती, त्याऐवजी दांड्याचं माप सांगत बसलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, येते मंगळवारी, पण आधी माणिकबाईले तुमी जाऊन सांगा की आता दार नोको ठेवू उघडं, ते बिचारी माह्यासाठी पायटी उठते. मी म्हणालो, आल्यावर तूच सांग. ती म्हणाली, मले रोज जाची लाज वाटे, एक दिवस तुमाले वाटू द्या.

एवढं मोठं भाषण पाठ केलेला माणूस मी. हे एकच वाक्य होतं. पहिल्यांदा फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. नंतर गेलो तर पंजाबराव दिसले, त्यांना आजचा पेपर मागितला. आपला पेपर माझ्या काखेत होता. मग मागच्या बाजूने गेलो, गोदावरी जायची तिकडून.

माणिकबाई बादलीच विसळत होत्या. ताईची बादली हाय, ताई येण्याआधी धुऊन ठेवते, म्हणाल्या. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, आता गोदावरी सकाळी येणार नाही, दार उघडू नका. आभार मानायचे राहिलेच.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. नळ बंद केला, पदराला हात पुसले. म्हणाल्या, काऊन भाऊजी? आमचं काई चुकलं काय?

नाही, तुमचं काही नाही, एवढंच म्हणायचं होतं. तेही मला म्हणता आलं नाही.