काळ्या पडद्यावरचं कुलूप

सोमवार, १ ऑक्टोबर २००७

माझं 'जोड' चाललं! हे टूल लिहायला सहा महिने खपले होते मी.

फौंड्रीवाल्यांसाठीचं आमचं सॉफ्टवेअर एकच, पण प्रत्येकाला त्यात काहीतरी वेगळं हवं असतं – एकाला भट्टीचा रिपोर्ट, दुसऱ्याला फुटक्या कास्टिंगचा. प्रत्येकासाठी वेगळं प्लगिन, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला जोडायचा तुकडा. आजवर आम्ही फायली हाताने कॉपी करायचो आणि निम्म्या भलत्याच जागी टाकायचो. आता काळ्या पडद्यावर 'जोड नवा' टाईप केलं की प्लगिनचा सांगाडा तयार. 'जोड लाव' म्हटलं की बसलं, 'जोड काढ' म्हटलं की गेलं. माऊसला हात लावायचं कामच नाही.

अमरसिंह सर म्हणाले, "झकास." शेजारच्या टेबलावरचा शिवकुमार मात्र दोनदा विचारून गेला, "सगळं टाईप करूनच हुतंय? कुठं क्लिक न्हाय?" इतकी चौकशी कशाला?

गुरुवार, ४ ऑक्टोबर

शिवकुमार माझ्याहून सीनियर. तीन वर्षांत त्याने मला कधी काही विचारलं नाही, आणि आता चिकटलाच आहे. 'जोड यादी' म्हटलं की सगळी प्लगिनं चौकटीत येतात – चालू असेल ते हिरवं, बंद ते लाल. किती छान दिसतं! तर म्हणतो, "मॅडम, रंग नको. शब्दात लिवा की, चालू, बंद. आणि त्या रेघा काढा. रेघांनी डोकं उठतंय."

रेघांनी कुणाचं डोकं उठतं? खोड काढायची म्हणून काढायची. मी काही बदलणार नाही.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

मॉनिटर भिंतीकडे वळवून घेतला त्याने. म्हणे खिडकीचा उजेड पडतो. बरं.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

नाही, काहीतरी शिजतंय. दिवसभर हेडफोन कानात. पूर्वी गाणी ऐकायचा तेव्हा मान डोलायची, आता हलत नाही. थोड्या थोड्या वेळाने मशीन बंद करून परत चालू करतो – माग पुसत असणार, दुसरं काय! मोटारसायकलही आणत नाही हल्ली. बायको दानेश्वरी स्कूटीवरून सोडते आणि खालूनच जाते.

चहा देताना बायडाबाई कुजबुजली, "त्यो भितीला हात लावत जिना चढतोय. पिऊन येतोय काय वं?" वास तर कधी आला नाही. पण बायडाबाईची नजर तयार आहे.

शनिवार, २० ऑक्टोबर

खंडेनवमी. सगळ्यांनी आपापली मशीनं पुसली, मॉनिटरला हळदकुंकू लावून झेंडू घातला. शिवकुमारने विभूती लावली ती कीबोर्डला आणि हेडफोनला. मॉनिटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सर हसले, "स्क्रीनवर राग हाय काय रे?" तोही हसला.

मला नाही हसू आलं.

सोमवार, २२ ऑक्टोबर

त्याने पेनड्राइव्हवर जोड घेतलं. माझ्या डोळ्यांदेखत! विचारलं तर म्हणाला, "घरी सराव करतोय." सराव? आठ वर्षं प्रोग्रामिंग केलेला माणूस चार कमांडींचा सराव करतो?

तो जेवायला गेल्यावर त्याचं मशीन पाहिलं. एक अनोळखी प्रोग्राम सतत चालू होता, पडद्यावर जे जे येईल ते उचलणारा. म्हणजे माझं जोड उचलून कुणाला तरी पाठवतोय. इथे शिरोलीच्या एमआयडीसीत दुसरे सॉफ्टवेअरवाले का कमी आहेत? जोड गेलं तर या ऑफिसात माझं म्हणून काहीच उरत नाही. रडूच आलं. सरांना आत्ताच सांगणार नाही. आधी पुरावा.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

कुलूप घातलं. आता जोडला कुठलीही कमांड दिली की आधी एक चित्र येतं – नवं ईमेल खातं उघडताना येतं तसं, वेड्यावाकड्या अक्षरांचं. अक्षरं ओळखून टाईप केल्याशिवाय जोड हलत नाही. चुकलं की माझ्या मशीनवर निरोप.

पासवर्ड मुद्दाम ठेवला नाही, त्याचं पाठांतर दांडगं आहे. हे चित्र मात्र दर वेळी नवं. माणूस असेल तर वाचेल, चोरटा प्रोग्राम असेल तर अडकेल. सर म्हणाले, "लय डोकं हाय बघ तुझं."

बुधवार, २४ ऑक्टोबर

अडकला! सकाळपासून माझ्या मशीनवर निरोपांवर निरोप. चूक, चूक, चूक. सगळे त्याच्याच टेबलावरून.

जेवणाच्या आधी हळूच म्हणाला, "मॅडम, एवढं वाचून दाखवता काय?"

मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "का, तुम्हाला वाचता येत नाही?" सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि घरी गेला. चोराचा चेहरा असाच पडतो. उद्या सरांना सगळं सांगते.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

आला नाही. सरही पुण्याला गेलेत.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

दानेश्वरी आली होती. "अक्का, ह्यांचे हेडफोन द्या. ते आता यायचे न्हाईत." मग आपणहूनच सांगायला लागली. "वरीस झालं, नजर जात चाललीया. पडद्यावरचं कानात वाचून दावणारं एक सॉफ्टवेअर घातलंय, फुकटातलं. चाळीस मिनिटांनी गप्प बसतंय, मग मशीन बंद-चालू करायचं. खिडक्या-बटनांचं काय जमत न्हवतं. तुमचं ते काळं टूल आलं, तवा लय खूश झालते. म्हणाले, आता नोकरी टिकती. पण चित्र त्या सॉफ्टवेअरला वाचता येत न्हाय, अक्का."

हेडफोन दिले नाहीत मी. म्हटलं, सोमवारी त्यांनाच येऊन घेऊ द्या.

चित्र काढून टाकलं. मग त्याच्या मशीनवर बसून, ते हेडफोन लावून, डोळे मिटून 'जोड यादी' ऐकली. नुसती डॅश, डॅश, डॅश. रेघा काढल्या. आता 'चालू', 'बंद' असं शब्दांत ऐकू येतं.