रंगून ते कलकत्ता, चार तास

भिंगार, ३ ऑक्टोबर १९४५

हे जिवंत आहेत!

उद्गारचिन्ह काढलं खरं, पण आत काही हललं नाही. शेजारचे लालमहंमदभाई छावणीतल्या कचेरीतून धावत आले. "वहिनी, सहादेव जिता हाय! जपान्यांच्या कैदेतून सुटला. आजारी हाय, म्हनून रंगूनहून विमानानं कलकत्त्याला आनत्यात." मी बरं म्हटलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. करपली होती.

दोन वर्षांपूर्वी पलटणीचा कागद आला होता — लढाईत गेले, असं. त्याच दिवशी माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. आता कुठलं खरं मानू?

४ ऑक्टोबर

सकाळी सासूबाईंनी हंबरडाच फोडला. पाणवठ्यावर कोणीतरी सांगितलं — तुझा सहादेव विमानात बसला! "इमानात बसून मान्सं कुठं जात्यात, मला ठावं न्हाई व्हय? माझ्या आईला न्यायला आल्तं. मरतानी वर बोट करून दावीत हुती!" भाईंनी परोपरीनं सांगितलं — मावशी, ते यंत्राचं असतं, गोऱ्यांचं. सासूबाईंचं एकच — "त्येच त्ये!"

हसावं की रडावं? दोन्ही येईना. तांदूळ निवडत बसले.

५ ऑक्टोबर

भाईंना विचारलं, किती लांब? म्हणाले, सहाशेचाळीस मैल. चार तास. खाली बहुतेक समुद्रच.

चार तास! खर्ड्याला माहेरी जायचं तर बैलगाडीला वाटेत दोन मुक्काम पडतात. माणूस इतक्या झटक्यात येतो, तसा झटक्यात पडतही असेल. भीती वाटते. निदान भीती तरी वाटते!

दुपारी बांगडीवाली मुबारकबी हिरव्या बांगड्या घेऊन दारात. तिच्याच हातानं लग्नातला चुडा भरला होता. "आन गं हात." मी हात पदराखाली घेतला. सासूबाई कधी नव्हे त्या माझ्या बाजूनं — "डोळ्यांनी दिसू दे आदी. इमानातल्याच्या नावानं चुडा न्हाई भरायचा." मुबारकबी तडकली. "अगं, जित्या नवऱ्याची बायको, अन् हे पांढरं कपाळ? अपशकुन हाय!"

असू दे. एकदा भरल्या, एकदा फोडल्या. पुन्हा फोडायची वेळ आली तर मनगटं माझीच.

७ ऑक्टोबर

काही कळलं नाही. पीठ संपलं.

९ ऑक्टोबर

कलकत्त्याहून तार! सुखरूप उतरले, इस्पितळात आहेत, बरं वाटलं की आगगाडीनं निघतील. सासूबाई म्हणाल्या, "मंजे इमान रिकामंच गेलं म्हना की!" आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

मुबारकबीनं पुन्हा विचारलं. म्हटलं, आल्यावर.

२१ ऑक्टोबर

आज येणार. मनमाडला गाडी बदलून दुपारी नगर. भाई टांगा घेऊन स्टेशनावर गेलेत. मी अंगण सारवलं, भाकरतुकडा ओवाळायला काढून ठेवला. कुंकवाची डबी हातात घेतली. परत ठेवली.

संध्याकाळ

आले. निम्मेच उरलेत. सासूबाईंनी आधी वाकून पाय बघितले — उलटे तर नाहीत! मग गळ्यात पडल्या.

मी तांब्या घेऊन उंबऱ्यात. ह्यांनी माझे हात पाहिले, कपाळ पाहिलं. त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. घाबरून इकडं-तिकडं बघत हळूच म्हणाले, "अगं... कोन गेलं?"

मी म्हटलं, "तुम्ही."