शोभतं का तुम्हाला

अण्णा, मागच्या महिन्यात तुमच्या नातीनं मला भांगेचा सोडा पाजला. तुम्ही असता तर ही ओळ वाचून चष्मा काढून ठेवला असता. ती टोरंटोला असते. तिकडे हे दुकानात उघड मिळतं, डब्यावर किती घ्यायचं तेही छापलेलं असतं. तिनं दोन डबे स्वेटरमध्ये गुंडाळून इकडे राजेंद्र नगरला आणले. "विमानतळावर पकडलं असतं तर?" म्हणून मी खूप बोलले. ती म्हणाली, "आई, बाबा जाऊन दोन वर्षं झाली. तू बसतेस तेव्हाही उभीच असतेस. दात आवळून आवळून दाढ तुटली तुझी. जरा तरी सैल हो ना यार."

तीन दिवस ते डबे फ्रिजमध्ये दह्यामागे पडून होते. चौथ्या दुपारी आम्ही पुढच्या खोलीत बसलो. ती अर्धाच घे म्हणत होती. चव लिंबू सोड्यासारखी, जराशी कडवट. अर्धा तास काहीच झालं नाही म्हणून, ती फोनवर बोलत असताना, मी उरलेला पिऊन टाकला.

आधी खांदे खरंच उतरले. हसूही आलं. मग छाती धडधडायला लागली. पंख्याचा आवाज लांब गेला, स्वतःचे हात कुणा दुसऱ्याचे वाटायला लागले. वाटलं, हे आता असंच राहणार, मी परत येणार नाही. तेवढ्यात समोरच्या दिवाणावर तुम्ही दिसलात. भूतबीत नाही. ती रंगपंचमी दिसली.

मी दहावीत आहे. आई मावशीच्या बाळंतपणाला बेटम्याला गेलीय. तुमच्या शाळेतले दुसरे एक सर तुम्हाला ओढूनच राजवाड्याला गेरची मिरवणूक बघायला घेऊन गेलेत, आणि तिथे कुणीतरी ठंडाई म्हणून भांगेचा ग्लास हातात दिलाय. दुपारी ते तुम्हाला स्कूटरवरून आणून सोडतात. "टेन्शन मत लेना बेटा, मास्साब को ज़रा चढ़ गई है," म्हणून हसत निघून जातात. समोरच्या ओट्यावर तुमचेच विद्यार्थी उभे आहेत, दात काढून बघताहेत. गणिताच्या तासाला ज्यांना टाचणी पडली तरी ऐकू यायची, ते. तुमच्या कानात गुलाल, सदऱ्याचं बटण तुटलेलं. तुम्ही दिवाणावर बसून स्वतःच्या हातांकडे बघताय. मग म्हणता, "बेटा, जरा जवळ बस. मला भीती वाटतेय."

तुमच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी म्हणाले, "शोभतं का तुम्हाला?" आम्हाला रागावताना तुम्ही जसं म्हणायचात, त्याच सुरात. आत जाऊन कडी लावली, रेडिओ मोठा केला. तरीही तुमची हाक येत राहिली. दोनदा. मग तीही थांबली.

संध्याकाळी तुम्ही अंघोळ करून खिचडी टाकलीत आणि ताट माझ्यासमोर ठेवलंत. त्या दिवसाबद्दल तुम्ही पुन्हा कधीच बोलला नाहीत. मला जवळ बस असंही पुन्हा कधी म्हणाला नाहीत. शेवटी हॉस्पिटलमध्येसुद्धा म्हणालात, "तू जा घरी, पेपर तपासायचे असतील तुला." मी गेले. त्याच संध्याकाळी तुम्ही गेलात. इतकी वर्षं मी म्हणत आले, अण्णांना कुणाची गरजच लागायची नाही.

त्या दुपारी मी लेकीला म्हणाले, "मी मरतेय बहुतेक." तिनं फोन फेकला, माझा हात दोन्ही हातांत घेतला. "मरत नाहीयेस. जास्त झालंय, उतरेल. मी इथेच आहे." चार तास ती हलली नाही. दर थोड्या वेळानं मी विचारायची, गेलीस का? ती म्हणायची, "इथेच आहे." चार तास, अण्णा. तुमचेही तेवढेच गेले असतील. दाराच्या पलीकडे रेडिओ चालू होता.

दुसरा डबा तिनं मोरीत ओतला. परवा ती परत गेली. आता दुपारी मी दिवाणाकडे पाठ करून बसते. हे तुम्हाला वाचता येणार नाही, म्हणूनच लिहिण्याची हिंमत झाली. एक मात्र सांगायचं राहिलं. बरं वाटल्यावर मी तिला सांगितलं, आजोबांनाही एकदा असंच झालं होतं, मी त्यांच्याजवळ बसून होते.

"मग त्यांना बरं वाटलं?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले.