पुढच्या दोन कड्या

१९ मार्च, पाडवा
सकाळीच चिरनेरला, सासरी. गुढी उभी राहते न राहते तोच भाऊजींनी अंगणातली ताडपत्री ओढली. आत आमच्या जीपसाठी नवाकोरा बंपर! नवऱ्याला, मंदारला, माहीत होतं, मला नाही. थोरल्या भावाने धाकट्यासाठी, गेट-ग्रिलची कामं बाजूला ठेवून, स्वतःच्या वर्कशॉपमध्ये घडवलाय. त्याला दोन हूक वेल्ड केलेले. लाल रंग, टोकाला कमळाच्या पाकळ्या.
लगेच बसवला. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, एका हुकाला लिंबू-मिरची. सगळी भावकी बघायला.
"आता हत्ती बांद याला, तरी तुटनार नाय," भाऊजी.
मी टाळ्या वाजवल्या, पेढा खाल्ला. मग खाली वाकून बघितलं. हूक दणकट आहेत, पण बंपर गाडीला धरलाय चार बारक्या बोल्टांनी, तोही पातळ पत्र्याच्या पट्ट्यांवर.

२२ मार्च
गेल्या श्रावणातलं इथे लिहून ठेवते. मं. परत "तू उगाच घाबरतेस" म्हणाला की वाचून दाखवीन.
आई, म्हणजे सासूबाई, एकट्या वाडीवर राहतात, गावाच्या वर, नाल्यापलीकडे. दमा आहे. खांदा कॉलनीत आमच्या घरी आणलं की चौथ्या दिवशी बोचकं बांधून दारात. "तुमच्या बिल्डिंगीत मना वारा नाय." तर त्या दिवशी दम वाढला म्हणून त्यांना घेऊन निघालो आणि नाल्यात गाडी रुतली. आई मागच्या सीटवर, छाती भात्यासारखी, हातात पंप. भाऊजी ट्रॅक्टर घेऊन आले. पुढे खाली जी एक कडी असते तिला दोर बांधला, ट्रॅक्टरला हिसका दिला. कडी मुळासकट उपटली आणि दोराबरोबर सुसाट ट्रॅक्टरकडे. भाऊजींच्या कानाजवळून गेली, मडगार्डला खळगा पाडून पडली.
एक वीत इकडे असती तर...
ते हसले होते. मी त्यांच्यादेखत नाल्यात बसून रडले होते.

२५ मार्च
द्रोणागिरीत, कामावर, गोदामाच्या आवारात आज गाड्या ट्रेलरवर चढवत होते. खिडकीतून बघत बसले (बिलं राहिली, राहू देत). पट्टे नेमके त्याच खालच्या कडीतून ओवतात. म्हणजे ती कडी गाडी जागेवर बांधून ठेवायला आहे. चिखलातून ओढायला नाहीच. इतकी वर्षं रोज डोळ्यांसमोर आणि मला कळू नये? काखेत कळसा.

२९ मार्च
चार दिवस या कड्यांबद्दल वाचतेय. ठरलं:
ओढायची कडी थेट चासीवर, गाडीच्या मूळ सांगाड्यावर, बसलेली पाहिजे. बंपरवर नाही. एक नाही, दोन, डावी-उजवी. दोर दोन्हींत विभागून, म्हणजे ताण एका बाजूला येत नाही. आणि किती टनाची ते अंगावर कोरलेलं पाहिजे.
मं.ने ऑनलाइन एक दाखवली, चमचमती. "हेवी ड्यूटी आहे गं." जाहिरातीत सिंह आहे, आकडा कुठेच नाही. सिंहाला बांधू का दोर?

२ एप्रिल
मनासारखी जोडी मिळाली. आमच्या मॉडेलच्या चासीला बसणारे ब्रॅकेट, आतून जाड प्लेट, टन कोरलेले. रंग काळा, दिसायला अगदी रुक्ष. मागवली.
मं.चा तोडगा: "नव्या खाली लाव. दादाचे हूक वर राहू देत शोभेला. कुणाचं काय जातं?"
वाटलं, बरोबर आहे. भांडी घासताना कळलं, नाही. भर पावसात, घाईत, दोर घेऊन जो कोणी येईल तो काय बघेल? लालभडक कमळं. त्यालाच बांधेल. आणि दोर घेऊन येणार कोण, तर भाऊजीच. तो अख्खा बंपर त्यांच्याच अंगावर जायचा.
हूक कापावे लागतील. हे मी मं.ला सांगितलं. तो जेवला नाही.

५ एप्रिल
एकटी चिरनेरला गेले. मं. "डोकं दुखतंय" म्हणाला. दुखेल, दुखेल.
भाऊजी गेटला पॉलिश मारत होते. सगळं सांगितलं, बोल्ट दाखवले.
"माज्या वेल्डिंगवर भरवसा नाय तुजा?"
"वेल्डिंगवर आहे हो. चार बोल्टांवर नाही."
"बोल्ट मोटे टाकतो."
"पत्रा तोच ना? हूक तुम्हीच कापून द्या भाऊजी. बंपर राहू दे."
मशीन बंद केलं. "पूजा केलेली वस्तू हाय ती, वैशाली. गावानं बगितलीय. आनि मीच कापू?"
मग म्हणाले, "गारी तुमची हाय. काय करायचं ता करा." पाठ केली. मशीन पुन्हा सुरू.
त्या वेळी सांगायला हवं होतं की मला तुमच्यासाठी भीती वाटते, गाडीसाठी नाही. येताना पूर्ण रस्ता तेच वाक्य घोळवत आले, आता काय उपयोग.

१२ एप्रिल
कळंबोली, नझीरभाईंचं गॅरेज. आधी लिंबू-मिरची सोडवून घेतली, हुकांना नमस्कार केला. मग नझीरभाईंनी ग्रायंडर लावला. ठिणग्या उडाल्या, कुंकू उडालं. मला बघवेना, तरी बघितलं. मी सांगितलंय तर मीच बघायचं.
नव्या कड्यांना चासीतलं भोक लहान पडलं. ते गॅसकटर घेऊन आले.
"दोन मिन्टांत मोठं करतो."
"गॅस नको. चासी तापली की कमजोर होते. ड्रिल मारा."
"मॅडम, बिट जातील माझे!"
"नवे आणते."
"खुदा कसम, पंचवीस ट्रकवाले परवडले." पण ड्रिल मारलं. बोल्टांच्या डोक्यावरचे मजबुतीचे आकडे मी एकेक वाचून बघितले, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. चहा मात्र दोनदा पाजला.

१३ एप्रिल
ट्रकपार्किंगच्या मागच्या मैदानात ओढून बघितलं. हिसका नाही, हळूहळू ताण. नझीरभाईंचा ट्रक पुढे, मी जीपमध्ये ब्रेक दाबून. सगळ्यांना लांब उभं केलं. गाडी चाकं घासत सरकली, कड्या जागच्या हलल्या नाहीत. मी वेड्यासारखी ओरडले.
घरी येऊन मं.ला सांगितलं. "छान," म्हणाला. दादाला काय सांगायचं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं.

१९ एप्रिल
हूक जुन्या साडीत गुंडाळून परत नेले. भाऊजी घरात होते, बाहेर आले नाहीत. वर्कशॉपच्या टेबलावर ठेवले.
आई नेमक्या वाडीवरून खाली आलेल्या. "त्यो नाय बोलनार. त्याचा बापूस पन असाच व्हता. येकदा रुसला ता गनपती आल्यावरच बोलला."
"आणि तुम्ही? या पावसाळ्यात तरी चला ना आमच्याकडे."
"मी कशाला येव? तुमची गारी हाय ना आता मजबूत?"


१७ मे
भावकीतलं लग्न. भाऊजी दोन रांगा पलीकडे. मं.ला बोलले, मला नाही. एक जाऊबाई मोठ्याने, "शिकलेल्या सुनांना घरच्या मानसानं केल्यालं काम चालत नाय बाई." जिलेबी कडू लागली. तरी पुन्हा विचारलं कुणी तर पुन्हा कापीन. वाईट वाटतं ते वाटतं, कापीन मात्र.

८ जून
मं. आज आपणहून खाली जाऊन कड्यांचे बोल्ट ताणून आला. हात काळे. "एकही सैल नाही," म्हणाला. त्याच्या पाठीवर डोकं ठेवून उभी राहिले थोडा वेळ.

२१ जून, सकाळ
भाऊजींचा फोन, माझ्या मोबाइलवर. चुकून लागला असेल म्हणून मं.ला द्यायला निघाले.
"तुलाच केलाय," ते. "आयचा दम वाढलाय, पंपानं भागत नाय. तुमी गारी घेऊन या. नाल्याला पानी हाय, चिकल लय. मी ट्रॅक्टर घेऊन उबा रयतो."
"निघतोच," म्हटलं.
फोन ठेवतील असं वाटलं. ठेवला नाही. मागे पावसाचा आवाज, आणि ट्रॅक्टर सुरू असल्याचा.
"वैशाली, दोर कुटं बांदायचा, ता तू दाखव मना."
मं. गाडी काढतोय. दोर सीटखाली आहे, बघून घेतला.