रोषणाईवाल्याची शिडी कोणाला

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा सणासमारंभांची रोषणाई, गुडघे सोडून बाकी शाबूत, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो.

१. राहत्या दोन खोल्या मुलीच्या. तिची आई असती तर आईच्या झाल्या असत्या.

२. धंदा कसा लागला ते सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. लहानपणी मला सणांचे वेड होते आणि ते कोणाचे याची फिकीर नव्हती. ईद, नाताळ, दिवाळी, बुद्धपौर्णिमा, पारशांचे नवे वर्ष, काहीही असो, मी अंघोळ करून दारात हजर. एकदा नाताळात पाद्रीबाबांना ‘ईद मुबारक’ म्हणालो. ते हसत सुटले आणि केकचा मोठा तुकडा दिला. गल्ली मला सणोबा म्हणे. आई वैतागायची, “अरे, एखादा सण तरी घरात बस!” पुढे सगळ्यांच्याच दारी दिवे लावायचे काम मिळाले, तेव्हा लॉटरी लागल्यासारखे वाटले. पण सण त्यांचा, शिडी माझी, असेच आयुष्य गेले. लोक जेवायला बसत तेव्हा मी फ्यूज बदलत असे. आता फार थकलो आहे.

३. माजी भागीदार ऐन ईदच्या आदल्या दिवशी जनरेटर घेऊन गायब झाला. त्याला जळक्या बल्बांचे खोके द्यावे. त्याने आयुष्यभर जेवढा उजेड पाडला, तेवढा तेही पाडतील.

४. शिडी, माळा, वायरी, हत्यारे विकून टाकावी. मुलीने या धंद्यात पडू नये.

५. कलम चार रद्द. मुलीने मसुदा वाचला आणि माझ्या हातातले पेन काढून घेतले.

“बाबा, मला विचारलंत तरी का?”

“अगं, यात सण वाट्याला येत नाही.”

“तुमच्या नाही आला. मला हे काम आवडतं.”

“थकशील.”

“थकेन की. शिडी विकायची नाही.”

वाद घालायचे त्राण नाही. सगळे तिला द्यावे.

६. अट एकच. शेवटची माळ बांधून झाली की स्विच मदतनिसाने दाबावा. तिने त्याआधी उतरून, रस्ता ओलांडून, लोकांत जाऊन उभे राहावे. मी कायम स्विचपाशी, भिंतीमागे होतो. माझे दिवे लागताना मी एकदाही पाहिलेले नाहीत.

वाचून, पटवून घेऊन सही केली.

सही: रोषणाईवाला

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले
२. डॉक्टरीणबाई (मी शुद्धीवर असल्याची खात्री करून)

ठिकाण: राहते घर
दिनांक: २ जुलै