लाल चकत्या

३ एप्रिल, सोमवार
माझ्या पोरानं, नाम्यानं, आज पुन्हा तेच काढलं. दुकानातली लोखंड कातायची लेथ विकायची, अकोल्याले कारखान्यात नोकरी धरायची. मृगापर्यंत जागा ठेवतो म्हणे तिथला साहेब. मी म्हटलं, तुझा बाप गेला तेव्हा लेथीले गिऱ्हाईक दारात उभं होतं, मी दिली नाही, आता तू दे.

त्याचं खरं दुखणं कापसाच्या जिनाचं. मागच्या उन्हाळ्यात जिनाचे सरकी काढायचे रूळ आपल्याकडून दुरुस्त होऊन उशिरा गेले. मॅनेजर बोलून गेला, यंदा सगळे रूळ मृगाच्या आत मिळाले तर सालभराचं काम तुमचं, नाही तर अकोल्याच्या दुकानाले. ते काम गेलं तर पावसाळाभर दुकानात माशा मारा.

उशीर काऊन होते? कोणतं काम कुठं अडकलं ते कोणालेच सांगता येत नाही. आमचा लेथीवरचा रहीम मिस्त्री म्हणतो, सगळं डोक्यात आहे. मग दोन रूळ भंगाराखाली कसे निघाले?

८ एप्रिल
नागपूरचा विक्रेता आला. दुकानातलं काम ध्यानात ठेवायच्या तीन तऱ्हा आणल्या. छापील रजिस्टर, कार्डांची पेटी, आणि भिंतीवरचा फळा. फळ्याले खिळे, खिळ्याले पत्र्याच्या रंगीत चकत्या. एका कामाची एक चकती. काम कापायच्या जागेवरून लेथीवर गेलं की चकती पुढच्या खान्यात, मग जोडणी, मग तयार. हिरवी साध्या कामाची, पिवळी घाईच्या, लाल सगळ्यांत आधीच्या.

नाम्याले रजिस्टर पाहिजे. लिहायची हौस मोठी, पण शनिवारचं मंगळवारी लिहितो. मिस्त्रीले काहीच नको. मी म्हटलं फळा. तो मले खाटेवरून दिसते.
विक्रेता म्हणे, आजी, वाचता येते का तुमाले?
म्हटलं, रंग दिसतात. ही वही त्याले कशाले दाखवू?
फळा घेतला.

१७ एप्रिल
आठवडाभर झकास. काय कुठं आहे, आत आल्याबरोबर कळते. रूळ हलले. मिस्त्री सुद्धा चकती सरकवतो, कोणी पाहत नसलं की.

२९ एप्रिल
आठवडी बाजाराचे दोन फेरे झाले अन् फळा पुरा लाल. हिरव्या पिवळ्या तशाच डब्यात पडून. नाम्याले विचारलं, हे काय?
हा मामाचा साडू, तो बापूचा मित्र, हा शेगावचा, याच्याकडं आपण जेवलो होतो. सगळेच आपले. आपल्या माणसाले हिरवी कशी लावू?
म्हटलं, मग परका कोण उरला? एक जीन.
जिनाची तेवढी हिरवी. रूळ सगळ्यांच्या मागं. फळ्यानं काहीच बिघडवलं नाही, आधी जे भंगाराखाली दडत होतं ते आता भिंतीवर दिसते इतकंच.
नाम्या म्हणे, फळा परत करून टाकू, अन् मी अकोल्याले कळवतो.
मी उठली. लाल चकत्या काढल्या साऱ्या. माझ्या तांदळाच्या डब्यात टाकल्या, वरून तांदूळ.

३० एप्रिल
कायदा केला. जो आधी आला त्याचं आधी. लाल पाहिजे त्यानं मले येऊन मागायची. माझ्या खाटेपुढं उभं राहून, सगळ्यांच्या देखत.

६ मे
अमडापूरचा एक आला. वखराची पास, खालचं पातं, पाहिजे, आजच. म्हणे तुमच्या मावशीकडून नातं लागते. म्हटलं, मावशीचं नाव सांग. त्याले आठवेना. म्हटलं, घरी जाऊन विचारून ये, तोपर्यंत तुझा नंबर लागते.
बसलेले हसले. त्याच्या मागच्या तिघांनी मागितलीच नाही. काम झालं.

१५ मे
आज एक लाल दिली. एका खेड्यातून दोघं आले, पाण्याच्या पंपाचा शाफ्ट तुटलेला. गावाले प्यायचं पाणी त्याच विहिरीचं. नातं नाही, गोतं नाही, माझं तोंड सुद्धा पाहिलं नव्हतं त्यांनी. तांदळात हात घालून चकती काढली. मिस्त्री म्हणे, अम्मा, ये सही है. जेवण टाकून लेथीवर उभा राहिला.

२२ मे
जे व्हायचं होतं ते झालं. सुनेचा बाप, माझा ईवाई, पिंपळगाव राजाहून गाडी जुंपून आला. पेरणीची तिफण मोडलेली. नाम्या तर खुर्ची पुसायले धावला. मी खाटेवरून उठली नाही. सून सुमन दाराआड.
ईवाई म्हणे, "ईहीनबाई, आमी बी लाईनीत?"
म्हटलं, "लग्नात तुमी मले तिसऱ्या पंगतीले बसवलं. मी उठून गेली का?"
आतून सुमनचं हसू आलं, मग भांडं पडल्याचा आवाज. तिनंच पाडलं, हसू झाकायले.
ईवाईनं चहा घेतला नाही. तिफण मात्र ठेवून गेला. हिरवी चकती, रांगेत शेवटी. नाम्यानं रात्रीचं ताट बाहेर लेथीपाशी नेलं. चालते.

१ जून
सुमनले विचारलं, बापाचा राग आला का माझा? म्हणे, आत्याबाई, लग्नात मी बी ते पाहिलं होतं. एवढंच. मग भाकरी थापायले लागली.

३ जून, शनिवार
रूळ गेले. सगळे. मृगाच्या आत. जिनाची गाडी भरली तेव्हा मी सोटा टेकत रस्त्यापर्यंत गेली, गाडीवानाले म्हटलं, मॅनेजरले सांग मोजून घे. फळ्यावर जिनाचा खिळा रिकामा. तो पाहत बसली बराच वेळ. गोड लागला.
ईवाईची तिफण पण तयार. निरोप धाडला. कोणी आलं नाही.

५ जून, सोमवार
मॅनेजर स्वतः आला. हात जोडले त्यानं. रूळ उत्तम, उद्या सालभराचा करार करू म्हणे. नाम्याचा चेहरा पाहायसारखा. मग जाता जाता मॅनेजरनं गाडीतून मोटर उतरवली. त्याच्या साळ्याच्या पिठाच्या गिरणीची. म्हणे, एवढी आधी करून टाका, लाल लावा.
मी आत होती, लुगडं बदलत. तोंड उघडणारच होती, तर बाहेरून नाम्याचा आवाज.
"साहेब, लाल फक्त पाण्यासाठी. तुमची मोटर गुरुवारी होईल."
मी लुगड्याचा पदर हातात धरून तशीच उभी.
मॅनेजर म्हणे, "उद्याचं बघू." गेला. मोटर ठेवून गेला की कसं, ते पाहायले मी बाहेर आली. ठेवून गेला.
नाम्यानं अकोल्याच्या साहेबाले लिहायचं पोस्टकार्ड काढून पुढं ठेवलं आहे. अजून लिहिलं नाही काही. करार होते का नाही, उद्या कळेल. मी त्याले विचारलं नाही, आपली फळ्यावर मोटरीची हिरवी चकती लावून आली. रांगेत शेवटी.