'ओबे'चा अर्थ

शुक्रवार, ७ डिसेंबर १९८४

आज सातवीला इंग्रजीच्या तासाला 'ओबे' (obey) हा शब्द शिकवला. नियम मानून तसं वागणं, असा अर्थ सांगितला. मुलांनी एका सुरात म्हटला. किती सोपा वाटला.

उद्या गावपळण. देवाचा कौल झालाय, तीन दिवस गावात माणूस, गुरं, कोंबडंसुद्धा राहायचं नाही. अंथरुणाला खिळलेले बाबा खाटेची कड धरून म्हणाले, "माका हंयच ऱ्हवांदे. मरान तर माझ्या घरात."

भाऊ खाली मान घालून म्हणाला, "मागल्या गावपळणीक आजी आजारी होती, तेवा तुमीच तिका उचलून न्हेलात मां?"

बाबा म्हणाले, "व्हय. सकाळी माका उचला."

याला ओबे म्हणायचं का? आत्ताच बघून आले. त्यांना झोप लागलीय, पण खाटेची कड काही हातातून सुटलेली नाही.